सेफ्टी रिले मधूनच ट्रिप होतो, दार उघडून लावलं की परत चालतो: हा दोष पकडायचा कसा

चाकणच्या एका कारखान्यात ड्रिलिंग-टॅपिंगचं एक एसपीएम, म्हणजे ठरावीक कामासाठी बनवलेलं खास मशीन, आहे. बिजागरीची चार दारं, हायड्रॉलिक क्लॅम्प, दोन स्पिंडल. पावसाळा सुरू झाल्यापासून त्याच्या ब्रेकडाउन वहीत एकच मजकूर वेगवेगळ्या हस्ताक्षरांत येत होता: “मशीन अचानक बंद. स्क्रीनवर सेफ्टी नॉट ओके. रिसेट घेत नाही. दार उघडून लावलं, चालू झालं.” कारणाच्या रकान्यात कधी ‘लूज वायर’, कधी ‘सेन्सर’, बहुतेक वेळा नुसती रेघ.

मी गेलो तोवर सेफ्टी रिले, म्हणजे दारं आणि इमर्जन्सी बटणं ठीक असतील तरच मशीन चालू देणारा पॅनेलमधला भाग, दोनदा बदलून झाला होता. नवा रिले बसला की दोन-चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. हे आधी सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी सुरुवात इथूनच होते. ट्रिप रिलेवर दिसते म्हणून रिले बदलला जातो. माझ्या अनुभवात अशा तक्रारीत रिले दोषी निघणं फार क्वचित. तो फक्त निरोप देत असतो, आणि निरोप नीट वाचायचा असेल तर तो आतून कसा चालतो हे डोळ्यांसमोर असायला हवं.

चॅनेल म्हणजे दारांच्या स्विचमधून फिरून येणारी वायरची एक स्वतंत्र वाट. साध्या दोन चॅनेलच्या सेफ्टी रिलेच्या पोटात दोन वेगळे रिले असतात, प्रत्येक चॅनेलला एक. बाहेर कॉन्टॅक्टरकडे (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचकडे) जाणारा मार्ग या दोघांच्या पॉइंटमधून, एकामागून एक, जातो. म्हणून एक जरी पडला तरी मशीन बंद. आणि परत चालू करताना अट अशी, की आधी दोघेही पडलेले असले पाहिजेत. त्यांचे पॉइंट यांत्रिकरीत्या जखडलेले असतात. एनओ (एरवी उघडा असणारा पॉइंट) चिकटलेला असेल तर एनसी (एरवी जुळलेला असणारा) लागूच शकत नाही, आणि रिसेटचा मार्ग त्या एनसीतून जातो.

आता समजा चारपैकी एका दाराच्या स्विचमधला दुसऱ्या चॅनेलचा पॉइंट क्षणभर उघडला आणि परत लागला. पहिल्या चॅनेलला काहीच कळलं नाही. दुसरा आतला रिले पडला, पहिला तसाच धरून बसला. मशीन बंद. ऑपरेटर रिसेट दाबतो, पण पहिला पडलेलाच नाही, त्यामुळे रिले रिसेट घेत नाही. मग तो दार उघडतो. दोन्ही चॅनेल तुटतात, दोन्ही आतले रिले पडतात, दार लावून रिसेट दाबलं की सगळं सुरळीत. वहीतल्या त्या मजकुराचा अर्थ एवढाच आहे: एकच चॅनेल तुटलं होतं. इलेक्ट्रॉनिक रिले किंवा सेफ्टी पीएलसी (प्रोग्रॅमवर चालणारा कंट्रोलर) असेल तर हीच गोष्ट चॅनेलमधल्या तफावतीचा फॉल्ट म्हणून दिवा लुकलुकवून किंवा कोड दाखवून सांगितली जाते. दोष तोच.

आधी फोटो, मग हात

दोष पकडण्यातली सर्वात मोठी अडचण ही, की मेंटेनन्सचा माणूस पोचेपर्यंत ऑपरेटरने दार उघडून लावलेलं असतं. पुरावा पुसला जातो. मीटर लावला की सगळीकडे बीप वाजतो, आणि वहीत रेघ पडते.

म्हणून पहिलं काम मी पॅनेलमध्ये केलंच नाही. तिन्ही शिफ्टच्या ऑपरेटरना भेटून एकच विनंती केली: पुढच्या वेळी बंद पडलं की दाराला, इमर्जन्सीला, रिसेटला हात लावू नका, आम्हाला बोलवा, आम्ही रिलेवरच्या दिव्यांचा फोटो काढू. त्यासाठी लागणारी पाच-दहा मिनिटं डाउनटाइममध्ये धरायची, ऑपरेटरच्या नावावर नाही, हे सुपरवायझरकडून आधी कबूल करून घेतलं. ते घेतलं नसतं तर एकही फोटो मिळाला नसता.

सेकंड शिफ्टच्या एका जुन्या ऑपरेटर काकांनी मात्र स्पष्ट विचारलं, “साहेब, रात्रीत सात-आठ वेळा बंद पडतंय. तुमची वाट बघत बसलो तर टार्गेट कोण भरणार?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना म्हटलं, “काका, फक्त दोन रात्री. दोन रात्रींत फोटो मिळाले तर पुढे तुम्हाला थांबावं लागणार नाही.” त्यांनी शब्द पाळला. पहिल्याच रात्री तीन फोटो आले. तिन्हींत पॉवरचा दिवा चालू, चॅनेल एकचा चालू, चॅनेल दोनचा बंद.

या दिव्यांवरून निम्मी शोधाशोध संपते. एकच चॅनेल गेलेलं असेल तर त्या चॅनेलच्या वायरिंगमध्ये किंवा पॉइंटमध्ये दोष आहे. दोन्ही चॅनेल एकदम गेले आणि पॉवरचा दिवाही मिणमिणला असेल तर २४ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे पॅनेलचा पॉवर सप्लाय, तपासा. बऱ्याच पॅनेलमध्ये सेफ्टी रिले आणि सोलेनॉइड वाल्व्ह (विजेवर उघडझाप होणारे) एकाच सप्लायवर असतात. सगळे वाल्व्ह एकदम उचलले की व्होल्टेज दबतं. रिलेची सहनशक्ती सहसा १५ टक्के खालपर्यंत, म्हणजे सुमारे २०.४ व्होल्ट असते. व्होल्टेज एसएमपीएसच्या तोंडाशी मोजू नका, रिलेच्या ए१-ए२ या सप्लायच्या टर्मिनलवर मोजा, आणि तेही मशीन चालू असताना. चॅनेलचे दोन्ही दिवे बंद आहेत, दारं सगळी बंद आहेत, इमर्जन्सी सुटलेली आहे आणि तरी रिसेट लागत नाही, अशी तिसरी तऱ्हा असते. तिच्याकडे पुढे येतो, कारण तीही याच मशीनवर निघाली.

कुठलं दार?

चॅनेल दोन कळलं, पण दारं चार. वायरिंग बहुतेक ठिकाणी असतं तसंच: रिलेच्या एस२१ टर्मिनलवरून निघालेली वायर चारही दारांच्या दुसऱ्या पॉइंटमधून एकापाठोपाठ फिरून एस२२ ला परत. टर्मिनलचे नंबर मॉडेलप्रमाणे बदलतात, ते ड्रॉइंगवरून बघा. सुदैवाने पॅनेल बनवणाऱ्याने प्रत्येक दाराची वायर टर्मिनल पट्टीवर आणून पुढे नेली होती. दारादारामधून परस्पर वायर ओढली असती तर मोजायला जागाच नव्हती. नवीन पॅनेल बनवून घेणार असाल तर ही एक मागणी आधीच लिहून ठेवा. चार टर्मिनल वाचवण्यात काही हशील नाही.

मग निम्मं-निम्मं करत गेलो. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं यंत्र) दोन नंबरच्या दारानंतरच्या टर्मिनलवर लावला, व्होल्टेज पडलं की एकदाच पकडून थांबेल असा ट्रिगर दिला आणि मशीन चालू ठेवलं. ट्रिप झाली, पण तिथे काही पकडलं गेलं नाही. म्हणजे दोष तीन किंवा चार नंबरच्या दारात. पुढे तीन नंबरनंतर लावला. दीड तासात पकडला: व्होल्टेज थोड्या मिलिसेकंदांसाठी शून्यावर येऊन परत जागेवर. ते नेमकं हायड्रॉलिक क्लॅम्प आपटतो त्या क्षणी.

इथे काही गोष्टी सांभाळा. स्कोप नसेल तर पीक पकडणारा मल्टीमीटर चालेल. साधा मिन-मॅक्स असलेला मीटर इतकी लहान खाच बहुतेक वेळा चुकवतो. पीएलसीचं इनपुट थेट सेफ्टी चॅनेलला जोडून ट्रॅप करायचा मोह होतो, तो टाळा. चॅनेलमधून बाहेर गळणारा करंट रिलेच्या शॉर्ट ओळखण्याच्या कामात ढवळाढवळ करतो. शिवाय पीएलसीचा स्कॅन आणि इनपुट फिल्टर मिळून ती खाच दिसेलच याची खात्री नाही. दारांच्या स्विचमध्ये तिसरा, नुसत्या सिग्नलसाठीचा पॉइंट मोकळा असेल तर तो खुशाल पीएलसीला द्या आणि प्रत्येक दाराचं वेगळं नाव स्क्रीनवर आणा. चार दारांसाठी एकच ‘सेफ्टी नॉट ओके’ हा संदेश ऑपरेटरला काहीच सांगत नाही.

स्कोपवर नियमित अंतराने बारीक खाचा दिसल्या तर दचकू नका. काही रिले आणि लाइट कर्टनचे (हात आत आला की मशीन थांबवणाऱ्या प्रकाशकिरणांच्या पडद्याचे) आउटपुट स्वतःची चाचणी घेण्यासाठी असे पल्स सोडतात. आणि बऱ्याच रिलेंमध्ये दुसरं चॅनेल मायनस बाजूने फिरवलेलं असतं, म्हणजे दोन चॅनेल एकमेकांना टेकले तर ते कळावं. अशा ठिकाणी शून्याच्या संदर्भाने मोजलं तर सगळं उलटं दिसतं. मीटरची दुसरी पिन प्लस २४ वर धरा. या एका गोष्टीत माझा अर्धा तास गेला होता, तुमचा जाऊ नये.

दार लोंबलेलं होतं

तीन नंबरचं दार उघडून बघितलं. वरची बिजागरी झिजली होती आणि दार मुक्त बाजूला काही मिलिमीटर खाली आलं होतं. चावीचा डोअर स्विच होता, म्हणजे दारावर धातूची चावी आणि फ्रेमवर स्विच. चावी खाचेत मधोमध न जाता खालच्या कडेला घासत शिरत होती. खाचेत काळपट चुरा, चावीच्या एका बाजूला चकाकी आलेली. बोटाने दार हलवलं तरी चावी दोन-तीन मिलिमीटर मागेपुढे होत होती. क्लॅम्पचा धक्का बसला की दार थरथरायचं आणि चावी तेवढीच बाहेर यायची. स्विचमधले दोन एनसी पॉइंट अगदी एकाच अंतरावर उघडत नाहीत, थोडा फरक असतोच. त्या फरकात चॅनेल दोन आधी सुटायचं, आणि चॅनेल एक सुटायच्या आत चावी परत जागेवर.

नवा रिले बसवल्यावर दोन-चार दिवस बरे का जायचे, याचं उत्तरही इथेच मिळालं. रिले बदलायला आलेला फिटर जाता जाता सगळी दारं दाबून, चावीचे स्क्रू आवळून जायचा.

इलाज साधा, पण क्रमाने करावा लागतो. बिजागऱ्या बदलल्या. दाराला बंद स्थितीत पकडून ठेवणारा वेगळा रोलर कॅच बसवला आणि दाराच्या मारासाठी रबराचा ठोकळा दिला. सेफ्टी स्विच हा दाराचा स्टॉपर नव्हे आणि कडीही नव्हे. त्याची चावी फक्त खबर देण्यापुरती आत जायला हवी. मग स्विच आणि चावी एका रेषेत आणून, जागा पक्की झाल्यावर पिन ठोकल्या, म्हणजे लांबट भोकात स्विच परत सरकणार नाही. स्क्रू साध्या पान्याने न सुटणारे घातले.

अशाच लक्षणांची दुसरी दोन कारणंही मला इतर मशीनवर सापडली आहेत. एक, बिजागरीच्या बाजूने दारावर जाणारी केबल. रोज शेकडो वेळा वाकून आतले तांब्याचे तंतू तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत. स्थिर असताना बीप वाजतो, म्हणून वाजता बीप ठेवून केबल हाताने वाकवत, पिळत जा. दुसरं कारण कुलंट आणि पावसाळी ओल. कनेक्टरमध्ये किंवा जंक्शन बॉक्समध्ये ओल साचली की दोन चॅनेलमध्ये गळती होते आणि चॅनेलमधला शॉर्ट ओळखणारा रिले ट्रिप होतो. ही ट्रिप सकाळी जास्त, मशीन तापलं की कमी, असा नेम दिसतो. इन्सुलेशन मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन गळती मोजणाऱ्या मीटरने) बघायचं असेल तर केबलची दोन्ही टोकं आधी सोडवा. ५०० व्होल्टचा मेगर रिले जोडलेला असताना फिरवला तर तोपर्यंत चांगला असलेला रिलेही जाईल.

दसऱ्याच्या सुमारास हे वाचत असाल तर आणखी एक. खंडेनवमीला मशीनची पूजा आपण सगळेच करतो, करावीच. झेंडूचं तोरण मात्र दाराच्या स्विचपासून लांब बांधा. चावीच्या खाचेत वाळलेल्या पाकळ्या मी स्वतः काढल्या आहेत.

दार उघडून लावायची युक्ती घातक का आहे

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या युक्तीची. आमच्या मशीनवर ट्रिप झाली की ऑपरेटर तीन नंबरचंच दार उघडेल असं नव्हतं. जे जवळ असेल ते. कुणी इमर्जन्सी दाबून सोडायचं. तीही त्याच मालिकेत असल्यामुळे दोन्ही चॅनेल तुटायचे आणि मशीन चालू व्हायचं.

आता पॉइंट थरथरत नाही, तर तीन नंबरच्या दारातला दुसऱ्या चॅनेलचा पॉइंट कायमचा चिकटलाय असं धरा. किंवा केबल चिरडून त्याच्या दोन वायर एकमेकींना टेकल्यात. ऑपरेटर तीन नंबरचं दार उघडतो, चॅनेल एक तुटतं, मशीन थांबतं. चॅनेल दोन तुटत नाही. दार लावून रिसेट दाबतो, रिले घेत नाही. रिले अगदी बरोबर वागतोय: त्याने दोष पकडलाय आणि तो मशीन चालू करू देत नाहीये. मग ऑपरेटर एक नंबरचं दार उघडून लावतो. त्या दारात दोन्ही पॉइंट ठणठणीत, दोन्ही चॅनेल तुटतात आणि जुळतात, रिलेचं समाधान होतं आणि मशीन सुरू. पकडलेला दोष पुसला गेला. इथून पुढे तीन नंबरचं दार एकाच पॉइंटवर चाललंय. उद्या तोही चिकटला की दार उघडं आणि स्पिंडल फिरतंय.

ऑपरेटरच्या नजरेतून या दोन प्रसंगांत काहीच फरक नाही. दोन्हींत रिसेट घेत नाही, दोन्हींत दार उघडून लावलं की चालतं. म्हणून ही युक्ती अंगवळणी पडू देणं म्हणजे रिलेची दोष धरण्याची ताकद काढून घेणं. मालिकेत जोडलेल्या स्विचांमधल्या या दोष झाकण्यावर आयएसओने २०१५ साली टीआर २४११९ हा स्वतंत्र अहवाल काढला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: साध्या पॉइंटचे स्विच जितके जास्त मालिकेत आणि जितकी जास्त दारं वारंवार उघडली जातात, तितकं डायग्नोस्टिक कव्हरेज, म्हणजे दोष आपोआप पकडला जाण्याचं प्रमाण, कमी धरायचं. अशा जोडणीवर सेफ्टी सर्किटच्या आयएसओ १३८४९ या मानकातला पीएल ई हा सर्वांत वरचा दर्जा सांगता येत नाही, मग रिलेच्या पाटीवर काहीही छापलेलं असो. चांगला रिले घेतला म्हणून सर्किट चांगलं होत नाही.

म्हणून प्रत्येक दाराची वेगळी चाचणी हवी. आता आमच्याकडे महिन्यातून एकदा, एका वेळी एकच दार, अगदी सावकाश उघडलं जातं आणि दुसरा माणूस पॅनेलपाशी उभा राहून दोन्ही चॅनेलचे दिवे विझतात का ते बघतो. लावायचं, रिसेट घ्यायचा, मग पुढचं दार. इमर्जन्सीची बटणंही अशीच, एकेक. पंधरा मिनिटांचं काम आहे. या चाचणीच्या वेळी मोटरच्या पॉवरचा एमसीबी खाली पाडून लॉक करा आणि फक्त २४ व्होल्ट चालू ठेवा. हायड्रॉलिकमध्ये अॅक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारी टाकी) असेल तर दाब उतरवा, उभा अक्ष असेल तर त्याला टेकू द्या. वीज गेली म्हणजे ताकद गेली असं नसतं.

चावी ड्रॉवरमध्ये सापडली

दाराचं काम चालू असताना ऑपरेटरच्या टूल ड्रॉवरमध्ये त्याच स्विचची एक सुटी चावी सापडली. ती खाचेत सरळ खोचली की दार उघडं असतानाही सर्किटला दार बंद वाटतं. काकांनी लपवलं नाही. म्हणाले, रात्री फार झालं की वापरतो, मग काढून ठेवतो.

मी रागावलो नाही आणि कुणी रागवावं असं मला वाटत नाही. कायद्याने यंत्राचे धोकादायक भाग पक्के झाकलेले असले पाहिजेत, हे आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमातल्या कलम २१ मध्येही लिहिलेलं होतं. पण आठ तासांत आठ वेळा विनाकारण थांबणारं मशीन माणसाला चावी खोचायला शिकवतं. इंटरलॉकवरच्या आयएसओ १४११९ या मानकात, माणसाला इंटरलॉक चुकवावासा का वाटतो, याचा हिशेब मांडण्यासाठी एक आख्खं परिशिष्ट दिलं आहे. रचनाकाराने तो हिशेब आधी करायचा असतो. आमच्या बाबतीत कारण वहीत दीड महिना रोज लिहिलं जात होतं, वाचलं कुणी नाही.

याच काळात पुढे आलेले इतर ‘इलाज’ही लिहून ठेवतो, कारण ते तुमच्याकडेही सुचवले जातील. चॅनेल दोनला जंपर मारून दोन्ही चॅनेल एकाच पॉइंटवर घ्यायचे. चॅनेलवर कपॅसिटर टाकून खाच भरून काढायची. रिसेट ऑटोवर टाकायचा. पहिल्यात दोन चॅनेल असण्याचा अर्थच संपतो. दुसऱ्यात दार खरोखर उघडल्यावर रिले उशिरा पडतो, आणि किती उशिरा ते कुणी मोजलेलं नसतं. तिसऱ्यात दार लावलं की सर्किट आपोआप सज्ज होतं, आत माणूस असला तरी. ज्या मशीनमध्ये माणूस आत शिरू शकतो तिथे रिसेट हाताचाच हवा, बटण अशा जागी की तिथून आतला सगळा भाग दिसेल, आणि रिसेट बटण सोडताना धरला जायला हवा. बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं तर असा रिले ते मानत नाही. रिसेटने मशीन नुसतं सज्ज व्हावं, चालू होण्यासाठी स्टार्ट वेगळा.

दार नीट झालं, तरी रिसेट घेईना

दार दुरुस्त झाल्यावर मधल्या ट्रिप थांबल्या. साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. पण या वेळी मशीन चालताना बंद पडलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीनंतर रिसेट लागत नव्हता. फोटो आधीच काढलेला होता, ही सवय राहिली याचा मला फार आनंद झाला. चॅनेलचे दोन्ही दिवे बंद, दारं बंद, इमर्जन्सी मोकळी.

वर म्हटलेली तिसरी तऱ्हा ती हीच. या रिलेला रिसेटच्या मार्गात कॉन्टॅक्टर के१ आणि के२ चे एनसी पॉइंट घातलेले असतात. त्याला फीडबॅक लूप म्हणतात. दोन्ही कॉन्टॅक्टर पूर्ण पडले असतील तरच हा लूप जुळतो. लूप तुटका सापडला तर दोनच शक्यता, आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक: एक तर कॉन्टॅक्टरचा मुख्य पॉइंट खरोखर चिकटलाय, नाहीतर नुसता सहायक पॉइंट मळलाय.

आधी वाईट शक्यता धरून चाला. मेन बंद करून लॉक केला, दोन्ही कॉन्टॅक्टरच्या मुख्य पॉइंटवर, वर-खाली, तिन्ही फेज मोजले. सहाही उघडे. म्हणजे चिकटलेलं काही नाही. मग के२ चा एनसी मोजला तर ओहमचा आकडा एका जागी राहीना. पॅनेलच्या पंख्याची जाळी चोंदली होती, केबल आत येण्याचा एक ग्लँड उघडा होता, आत तेलकट धुळीचा थर. फीडबॅकमधून जेमतेम काही मिलिअँपिअर करंट जातो. मोठ्या करंटला पॉइंटवरचा थर जाळून वाट मिळते, इतक्या लहान करंटला मिळत नाही. सहायक पॉइंटचा ब्लॉक बदलला, ग्लँड बंद केला, जाळी धुतली.

ब्लॉक बदलताना हे नक्की बघा की तो मिरर कॉन्टॅक्ट म्हणून दिलेला आहे. म्हणजे मुख्य पॉइंट चिकटलेला असताना हा एनसी लागणारच नाही अशी हमी बनवणाऱ्याने दिलेली असते. दुकानात मिळेल तो ब्लॉक वर ठोकला तर लूप जुळेल, रिसेटही घेईल, पण चिकटलेला कॉन्टॅक्टर कळणार नाही.

ब्लॉक बदलताना आणखी एक दिसलं: के१ च्या कॉइलवर व्हॅरिस्टर (कॉइल सुटतानाचा स्पार्क दाबणारा भाग) होता आणि के२ वर कुणीतरी नंतर साधा डायोड लावलेला. डीसी कॉइलवर डायोड लावला की स्पार्क छान दबतो, पण कॉन्टॅक्टर सुटायला कित्येक पट वेळ घेतो. आमच्या मशीनवर दारं असल्याने आणि के१ आधी पडत असल्याने लगेच धोका नव्हता. लाइट कर्टन असलेल्या मशीनवर मात्र हे नुसतं बघून सोडू नका. कर्टन आणि धोक्याची जागा यांच्यातलं अंतर आयएसओ १३८५५ या मानकाप्रमाणे थांबायच्या वेळावरून निघतं: जवळच्या अंतरासाठी हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरतात. एकूण वेळ ०.१५ सेकंद असेल तर ३०० मिलिमीटर, आणि १४ मिलिमीटर रिझोल्यूशनच्या (म्हणजे १४ मिलिमीटर जाडीची वस्तूही ओळखणाऱ्या) कर्टनला त्यात भर शून्य. डायोडमुळे ०.०५ सेकंद वाढले की तेच अंतर ४०० होतं. कर्टन मात्र जिथे होता तिथेच, म्हणजे हात १०० मिलिमीटर आधीच धोक्यात पोचतो. चार आण्याच्या भागाने एवढं होतं, म्हणून कॉइलवर काय लावायचं ते कॉन्टॅक्टरच्या कॅटलॉगमधून ठरवा आणि बदललं तर थांबायचा वेळ पुन्हा मोजा. आम्ही के२ वर के१ सारखाच व्हॅरिस्टर लावला.

सध्या मशीन नीट चालतंय. ड्रॉवरमधली चावी स्टोअरमध्ये जमा झाली आणि तिच्या नावाची नोंद चाचणीच्या वहीत आहे. दोन नंबरच्या दाराची बिजागरी थोडी खेळायला लागली आहे, ती या महिन्याच्या चाचणीत सापडली. दिवाळीच्या शटडाउनला चारही दारांचे चावीचे स्विच काढून कोडेड, स्पर्शाविना चालणारे स्विच बसवायचे ठरलंय. ते आपली तपासणी आपणच करतात, मालिकेत जोडले तरी एकाचा दोष दुसऱ्याच्या उघडझापीने पुसला जात नाही, आणि दार थोडं लोंबलं तरी चालवून घेतात. तोवर रिलेच्या शेजारी पॅनेलच्या दारावर काकांच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला आहे: “रिसेट घेत नसेल तर दार उघडू नये. आधी फोटो. मग मेंटेनन्सला फोन.”